सागरचे चंदू सरवटे : एक स्मरण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गतकाळाकडे वळून पाहताना आम्हांस प्रथम आठवतात ती आपल्या समाजातील एका विशिष्ट घडणीची माणसे. पहाटे ग्वारीघाटावर नर्मदास्नान, घरी देवपूजा, दिवसभर रेल्वेत, कचेरीत अथवा गन कॅरेज फॅक्टरीत इमानाने नोकरी आणि सायंकाळी मुलांचा अभ्यास, असा त्यांचा नेम. देवादिकांच्या तसबिरींशेजारी कॉलेजच्या संघाचे एखादे छायाचित्र टांगलेले असे. त्याविषयी ते आपण होऊन कधी बोलत नसत. त्यांच्या पराक्रमाची नोंद कोणी ठेवली नाही. परंतु याच प्रदेशातील एका मराठी खेळाडूचे नाव क्रीडेतिहासात कायमचे कोरले गेले आहे. आज त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

अठराव्या शतकात पेशव्यांच्या वतीने गोविंदपंत बुंदेले यांनी सागरास ठाणे केले आणि तेथे मराठी घरे वसली. पुढे इंग्रजी अमलात सागर व जबलपूर ही दोन्ही 'सागर-नर्मदा प्रदेशा'त आली आणि १८६१ साली मध्यप्रांतात सामील झाली. त्या सागर शहरी २२ जुलै १९२० रोजी चंद्रशेखर त्र्यंबक सरवटे यांचा जन्म झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संघातून १९३६-३७ च्या हंगामात ते प्रथम खेळले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. पुढे ते इंदूरच्या होळकर संघाचे आधारस्तंभ झाले. १९४५-४६ साली म्हैसूरविरुद्धच्या एकाच सामन्यात त्यांनी १०१ धावा काढल्या आणि एका डावात ६१ धावांत ९ गडी बाद केले.

मे १९४६ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध भारतीयांचे ९ गडी २०५ धावांत तंबूत परतले होते. शेवटच्या जोडीकडून कोणाची काय अपेक्षा असणार? पण सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी २४९ धावांची भर घातली. सरवटे १२४ धावांवर नाबाद राहिले. बॅनर्जींनी १२१ काढल्या. हा सामना भारतीयांनी जिंकला.

नऊ कसोटींत त्यांच्या नावावर २०८ धावा व तीन बळी एवढेच जमा आहे. केवळ आकड्यांनी माणूस मोजणाऱ्यास ते सामान्य वाटतील. परंतु त्यांनी खेळाबरोबर कायद्याचे शिक्षण घेतले आणि हस्ताक्षर व बोटांचे ठसे यांचे तज्ज्ञ म्हणून लौकिक मिळविला. १९८३ साली विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या समितीतही ते होते. २३ डिसेंबर २००३ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रापासून दूर, परभाषेच्या प्रदेशात मराठीपण टिकविणे हेही शेवटच्या जोडीने डाव सांभाळण्यासारखेच नव्हे काय? आपल्या वडीलधाऱ्यांनी तो निमूटपणे सांभाळला. म्हणून वाचकांस आमची एकच विनंती आहे. घरातील ते जुने छायाचित्र भिंतीवरून खाली उतरवावे, पुसावे, आणि त्यातील चेहरे ओळखणारे कोणी आहे तोवर मागील बाजूस नावे व साल लिहून ठेवावे.