मळी, मद्यार्क आणि मोटारसायकल

चार माणसे पारावर जमली आणि त्यांतल्या एकाकडे जरी जुनी मोटारसायकल असली, की हल्ली बोलणे पेट्रोलवर येतेच. "पूर्वीचे पेट्रोल राहिले नाही, गुरुजी," हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडते. कुणाची गाडी पाच-सहा किका मारल्याशिवाय उठत नाही, कुणाचा कार्बोरेटर सारखा खोलावा लागतो, कुणाचे ॲव्हरेज उतरले. सगळ्याचे खापर इथेनॉलवर! उलट बाजूला सरकारी खुलासा असतो की काळजीचे काही कारण नाही.

मी काही मेकॅनिक नाही. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. म्हणून म्हटले, मत देण्याआधी काय काय घडत आले ते क्रमाने पाहावे.

पहिली गोष्ट ही, की 'पूर्वीचे शुद्ध पेट्रोल' असे फारसे कधी नव्हतेच. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना असे आढळले, की शिशाचे एक संयुग थोडेसे घातले तर इंजिनातली ठोके पडण्याची खोड जाते. तेच काम अल्कोहोलही करते हे तेव्हा ठाऊक होते. पण अल्कोहोल पुष्कळ घालावे लागे आणि शिसे चिमूटभर पुरे. शिवाय अल्कोहोल कोणालाही करता येण्याजोगे, त्यात मक्तेदारी कसली? शिसे जिंकले. पुढची पाऊणशे वर्षे जगभरच्या लेकरांनी ते श्वासातून घेतले. भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली पूर्ण बंद झाले. म्हणजे आपण ज्या जुन्या पेट्रोलची आठवण काढून हळहळतो, ते विषारी होते. हे आधी मान्य करू या.

आता आपल्या मळीकडे वळू. १९३२ साली इंग्रज सरकारने साखरधंद्याला संरक्षण दिले. तोवर देशात जेमतेम तीसेक कारखाने होते, ते चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. साखर विकली जाई, पण मळी टाकायची कुठे? नदीनाल्यांत सोडली तर पाणी नासे, खड्ड्यांत साठवली तर दुर्गंधी सुटे. त्या मळीपासून इंजिनात जाळण्याजोगा मद्यार्क, म्हणजे 'पॉवर अल्कोहोल', काढावा ही कल्पना तिथून आली. संयुक्त प्रांताने १९४० मध्ये त्यासाठी कायदा केला. तेव्हा महायुद्ध चालू होते. पेट्रोलला रेशन लागले आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये सगळ्या देशासाठी 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' आला. त्याच सुमारास आपल्याकडे प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याची पायाभरणी चालली होती.

पण पुढे परदेशातून तेल स्वस्त येऊ लागले. मद्यार्काला रसायनांचे कारखाने आणि दारू ही जास्त भावाची गिऱ्हाइके मिळाली आणि कायदा कपाटात पडून राहिला. गंमत पाहा, २००० साली तो निरुपयोगी म्हणून रद्द झाला आणि लगेच २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले! जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरले. पुढची दहा-बारा वर्षे ते कधी होई, कधी भावाच्या घोळात अडके. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांची मजल गाठली गेली. वीस टक्क्यांसाठी आधी २०३० साल धरले होते, ते अलीकडे ओढून २०२५ केले आणि गाठलेही.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट मला सारखी दिसते. दर वेळी मिश्रणाचे कारण इंजिनाबाहेरचे होते. कधी तुंबलेली मळी, कधी युद्ध, कधी तेलाचे परकीय चलन, कधी उसाची थकलेली बिले. कारणे खोटी नव्हती. इथेनॉलच्या पैशाने कारखान्यांच्या हातात रोकड आली आणि ऊसवाल्याचे बिल लवकर निघाले, हे आमच्या भागात कोणी नाकारणार नाही. पण ज्या यंत्रात हे ओतायचे, त्याचा विचार नेहमी शेवटी झाला.

यंत्राला नेमके होते काय? एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. म्हणून इथेनॉल मिसळले की त्याच हवेला इंधन थोडे जास्त द्यावे लागते. नव्या गाडीतला संगणक धुराचा अंदाज घेऊन ते आपोआप देतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि दुचाकींतही ही सोय बहुतेक सगळीकडे आली. त्याआधीच्या कार्बोरेटरचे तसे नाही. त्याच्या जेटचे भोक एकदा पाडले ते पाडले. पेट्रोल बदलले हे त्या भोकाला कोण सांगणार? मग मिश्रण पातळ पडते, गाडी थंडीत नखरे करते, एकदम मूठ पिळली की अडखळते.

दुसरे, लिटरमागे इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिले आहे, की जुन्या घडणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणाने तीन ते चार टक्के घटेल. पन्नास देणारी गाडी अठ्ठेचाळीस देईल. "दहाने उतरले" म्हणणाऱ्यांनी आधी चेन आणि एअर फिल्टर पाहावा!

तिसरे रबराचे. जुन्या नळ्या, वॉशर, कार्बोरेटरमधल्या रिंगा इथेनॉलने फुगतात, मग चिरतात. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडवते आणि तो जाऊन जेटमध्ये अडकतो. चौथे पाण्याचे. इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. थोडे पाणी पोटात सामावते, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोलचा कॉक नेमका तळाशीच! रोज फिरणाऱ्या गाडीत ही वेळ सहसा येत नाही. येते ती पावसाळाभर पडवीत उभ्या असलेल्या स्कूटरला, फवारणीच्या पंपाला, गवत कापायच्या मशीनला, वर्षातून चार दिवस लागणाऱ्या जनरेटरला. म्हणजे त्रास सर्वांत जास्त सर्वांत लहान इंजिनाला.

दुसऱ्या देशांनी काय केले? ब्राझीलमध्ये १९३१ पासून मिश्रण आहे. १९७५ मध्ये त्यांनी मोठी योजना आखली, पण तिच्याबरोबर यंत्रेही बदलली. १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट आली, २००९ मध्ये दोन्ही इंधनांवर चालणारी होंडाची मोटारसायकल आली. अमेरिकेत पंधरा टक्क्यांचे पेट्रोल निघाले तेव्हा मोटारसायकल आणि लहान इंजिनांत ते घालू नये अशी चिठ्ठीच पंपावर लावली गेली. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्क्यांचे पेट्रोल आणले, पण जुन्या गाड्यांसाठी महागड्या प्रतीत पाच टक्क्यांचेच ठेवले.

आणि लांब कशाला जायचे? आपण स्वतः १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणले, तेव्हा जुने आणि नवे शेजारीशेजारी विकले. नव्या गाडीला नवे, जुनीला जुने. पाच वर्षे तशी मुभा दिली. या खेपेस आपण तसे केले नाही. वीस टक्क्यांना पूर्ण जुळणाऱ्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या आणि दोन-अडीच वर्षांत साधे पेट्रोल सगळीकडे तेच झाले. निवडीची मुभा मिळावी म्हणून केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला.

माझे म्हणणे एवढेच आहे. इथेनॉल वाईट नाही आणि जुनी गाडी ठेवणारा अडाणी नाही. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेला माणूसच पंधरा वर्षांची गाडी जपतो. आमच्याकडे तर हा माणूस बहुधा ऊसवालाच असतो. उसाचे बिल एका खिशात येते आणि मेकॅनिकचे बिल दुसऱ्या खिशातून जाते. देशासाठी तो हे सोसेलही. पण कुणीतरी त्याला आधी सांगायला हवे होते, आणि पंपावर टक्केवारीची ठळक पाटी लावायला काय हरकत होती?

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करावे. रबरी नळ्या एकदा बदलून घ्याव्यात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून, आतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. फवारणीचा पंप पेट्रोल भरून कधीही ठेवू नये. जेट मोठा घालायचा की नाही, ते आपल्या मेकॅनिकवर सोपवावे.

मळीचा प्रश्न सोडवायला निघालेला हा मद्यार्क नव्वद वर्षांत कुठून कुठे आला! आता तर तो उसापेक्षा मक्यापासून जास्त निघतो. त्यालाही पाऊस हवाच. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊसमान कमी म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बंधन आले होते, ते आठवत असेल. पूर्वी आभाळाकडे फक्त शेतकरी बघत असे. आता मोटारसायकलवाल्यालाही बघावे लागणार, असे दिसते.