रानातली मजुरी आणि राष्ट्राचा हिशेब

राष्ट्राच्या आर्थिक भवितव्याचे अंदाज मुंबईच्या व दिल्लीच्या कचेऱ्यांतून बांधले जातात. त्यांत दोन आकड्यांस मान मोठा: एक मजुरीचा व दुसरा महागाईचा. मजुरी वाढली की मालाचा खर्च वाढतो, खर्च वाढला की भाव चढतात आणि भाव चढले की मजूर पुन्हा अधिक मागतो, असे एक चक्र अर्थशास्त्राच्या ग्रंथांत वर्णिलेले असते. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांचा इतिहास पाहिला, तर हे चक्र उलटे फिरलेले दिसते. तेथे भाव आधी चढले आणि मजुरी त्यांच्यामागून, पुष्कळदा फार मागून, चालत गेली. असे का झाले आणि त्यात पालट कशाने पडला, हे पाहण्यासारखे आहे.

हे दोन्ही जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. इंग्रजी अमलात त्या एकत्रित मुलखास चांदा जिल्हा म्हणत व तो मध्यप्रांतात मोडे. सरकारने राखलेली जंगले आणि अहेरीसारख्या जमीनदाऱ्या यांनी त्याचा मोठा भाग व्यापलेला होता. वनग्रामातील कुटुंबास कसावयास जमिनीचा तुकडा मिळे. त्याच्या बदल्यात जंगलखात्याच्या कामावर हजर राहावे लागे. मध्यप्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारे अधिकारी विल्फ्रिड ग्रिगसन यांचा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला; त्यात बेगारीचा, म्हणजे वेठीचा, प्रश्न घेतलेला आहे. वेठीस बाजारभाव नसतो. ज्याला कामास नाही म्हणता येत नाही, त्याच्या श्रमाचे मोल दुसराच कोणी सांगतो.

त्याच सुमारास दुसऱ्या महायुद्धाने देशातील घाऊक भाव सुमारे अडीचपट केले. मुंबईच्या गिरणी कामगारास व सरकारी कारकुनास महागाई भत्ता मिळू लागला, कारण त्यांस संघटना होती आणि त्यांचे काम थांबले तर कारभार थांबत होता. रानातल्या मजुरास असा भत्ता देणारा कोणी नव्हता.

१९४५ साली बल्लारपूर येथील कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि चांद्याच्या बांबूस मोठे गिऱ्हाईक लाभले. बांबू सरकारचा, मक्ता गिरणीचा. तोडणाराकडे उरली केवळ कुऱ्हाड. ज्या कागदावर शहरातील मुले धडे गिरवीत, त्याच्या मुळाशी ही कुऱ्हाड होती.

बिडीच्या पानाचीही हीच कथा. १९६९ च्या महाराष्ट्र वनउत्पादन (व्यापार नियमन) अधिनियमाने तेंदूपत्त्याचा व्यापार राज्याच्या हाती आला. उन्हाळ्यात घरची माणसे पहाटे रानात जाऊन पाने तोडतात, ती जुळवून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि सायंकाळी फळीवर, म्हणजे संकलनाच्या ठिकाणी, मोजून देतात. अशा हजार पुड्यांचा एक प्रमाण बोरा धरतात. हंगाम काही आठवड्यांचा. तोडलेले पान उद्यापर्यंत थांबत नाही आणि घेणारा एकच. अशा बाजारात घासाघीस होऊ शकत नाही. १९८० नंतर आंध्रातून आलेल्या नक्षलवादी चळवळीने पुड्याच्या दराचा प्रश्न पुढे केला व दर वाढलेही. परंतु बंदुकीच्या धाकाने ठरलेला दरही मजुराच्या स्वाधीन नव्हता, आणि त्या संघर्षात आदिवासींचेच रक्त पुष्कळ सांडले.

निराळी वाट महाराष्ट्राने दाखविली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग झाला, तीतूनच १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ च्या कायद्याने तीस हक्काचे रूप आले व २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापली जाणारी ती लहानशी रक्कम रानातील व माळावरील मजुराच्या कामासाठी होती. या योजनेचे खरे महत्त्व खोदलेल्या तळ्यांहून मोठे आहे. सरकारी काम मागता येते असे झाले की खाजगी मालकास ‘तुझ्या दराने येत नाही’ म्हणता येते. १९८८ साली योजनेची मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आणली गेली आणि तो दर जवळजवळ दुप्पट झाला.

२००५ साली केंद्राने याच धर्तीवर देशव्यापी कायदा केला. त्याची मजुरी पुढे शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडण्यात आली. योजना रास्त होती. परंतु मापाचा गज जुना होता. त्या निर्देशांकाचे मूळ वर्ष १९८६-८७ चे, आणि त्यात दोन तृतीयांशांहून अधिक भार एकट्या अन्नाचा. औषध, शाळा, प्रवास यांवरील वाढता खर्च त्यात पुरता उमटत नसे. धान्य स्वस्त राहिले की निर्देशांक निजे व मजुरीही निजे. महाराष्ट्रात २०१७ साली हा दर २०१ रुपये होता. २०१८ साली २०३ व २०१९ साली २०६ झाला. दोन वर्षांत वाढ पाच रुपयांची! २०२० साली तो २३८ वर गेला. म्हणजे महागाईचा आकडा नुसता अंदाज नव्हे. कोणत्या वस्तू मोजावयाच्या या एका निर्णयावर लक्षावधी घरांची चूल अवलंबून असते.

याहून पुढचे पाऊल गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने टाकले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यास सुमारे अठराशे हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळाला. तथापि बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यावयास २७ एप्रिल २०११ उजाडावे लागले. त्यानंतर गावाने आपला बांबू आपण तोडला, आपण विकला. मजुरीही ग्रामसभेनेच ठरविली. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव यास २०१२ साली असाच हक्क मिळाला. तेंदूच्या तोडणीसाठी झाडे छाटली जातात व रानास आगी लावल्या जातात हे जाणून त्या गावाने हातचे तेंदूचे उत्पन्नच सोडून दिले व बांबूवर भर दिला. वेठीच्या काळी ज्यास नकाराचा अधिकार नव्हता, त्याने आता लाभाच्या व्यापारासही नकार दिला. कारण रान उद्याचे भांडवल आहे हे त्यास स्वतःच ठरविता आले.

या इतिहासाचा बोध इतकाच की, मजुरी दयेने वाढत नाही आणि नुसत्या निर्देशांकानेही वाढत नाही. मजुराला नाही म्हणता येऊ लागते, तेव्हा ती वाढते. राष्ट्राच्या भवितव्याचे आकडे मांडणारांनी मजुरी किती, हे विचारण्याबरोबर मजुरापुढे दुसरी वाट कोणती, हेही विचारले, तर त्यांचा हिशेब अधिक खरा उतरेल.