ग, सा, ग, रे : एका संगणकीय खेळाचे पाठभेद

१९९० साली अमेरिकेतल्या लुकासफिल्म गेम्स या कंपनीने ‘लूम’ नावाचा खेळ बाजारात आणला. लूम म्हणजे माग. घरच्या संगणकावर माउसने खेळायची ही एक अद्भुतकथा. खोक्यात फ्लॉपी डिस्कच्या जोडीला एक ध्वनिफीत आणि ‘बुक ऑफ पॅटर्न्स’ नावाची छोटी पुस्तिका असे. हाच खेळ आजही विकत मिळतो. पण त्यातले संवाद १९९०चे नाहीत, चित्रे १९९०ची नाहीत. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांपुढे बसून मूळ पाठ कोणता हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो. उण्यापुऱ्या पस्तीस वर्षांच्या खेळालाही तो विचारता येतो, आणि विचारायला हवा असे मला वाटते.

आधी थोडी वंशावळ. साहसकथेचे संगणकीय खेळ जन्मले ते शब्दांत. विल क्राउदरने १९७६च्या सुमारास गुहेत फिरण्याचा जो खेळ रचला, त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर वर्णन उमटे. खेळणाऱ्याने ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशा आज्ञा इंग्रजीत टंकायच्या. या घराण्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली मॅसॅच्युसेट्समधल्या इन्फोकॉम कंपनीने. ब्रायन मोरियार्टी हा ‘लूम’चा कर्ता तिथलाच. ‘विशब्रिंगर’ (१९८५) आणि ‘ट्रिनिटी’ (१९८६) हे त्याचे निव्वळ शब्दांचे खेळ. दुसरा तर अणुबाँबच्या इतिहासावरचा. म्हणजे पुढे शब्दांना रजा देणारा हा माणूस शब्द येत नव्हते म्हणून चित्रांकडे वळलेला नव्हता.

दरम्यान १९८४मध्ये मॅकिन्टॉश आला आणि माउस सामान्य माणसाच्या टेबलावर पोचला. आता पडद्यावरच्या दारावर नुसते बोट ठेवायचे. १९८७च्या ‘मॅनिअक मॅन्शन’मध्ये रॉन गिल्बर्टने क्रियापदेच पडद्याच्या तळाशी मांडून ठेवली : उघड, ढकल, उचल, दे. आधी क्रियापद टिपायचे, मग वस्तू, वाक्य तयार. त्यासाठी बांधलेली ‘स्कम’ ही प्रणाली या कंपनीने पुढे वर्षानुवर्षे वापरली. ‘लूम’ त्याच प्रणालीवरचा चौथा खेळ. मोरियार्टीने त्यातून क्रियापदांची पाटी काढून टाकली. वस्तू गोळा करायची झोळीही काढली. नायकाच्या हातात उरली एक काठी.

ही काठी सूत कातणाऱ्यांची आहे. पिंजलेली लोकर किंवा ताग तिच्याभोवती गुंडाळून ठेवतात. नायक बॉबिन हा विणकरांच्या पंथातला पोरका मुलगा. (शिलाई यंत्राच्या कृपेने ‘बॉबिन’ मराठी घरांत परका नाही.) हे विणकर कापड विणता विणता सृष्टीचाच पोत विणायला शिकले. पंथातल्या ज्येष्ठांची नावे ग्रीक पुराणातल्या, माणसाच्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या तीन दैवतांवरून घेतली आहेत. त्यांच्या प्रत्येक मंत्राला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. हा शब्द खराखुरा विणकामातला : मागावर कोणता धागा कुठून ओवायचा त्याचा आराखडा. खेळात मात्र हा आराखडा धाग्यांचा नसून चार स्वरांचा असतो.

इथे आपल्या वाचकाला एक सोय आहे. बॉबिनच्या काठीवर एका सप्तकाचे स्वर आहेत, सी पासून वरच्या सी पर्यंत. सी हा षड्ज धरला की ते आपले शुद्ध स्वर होतात. सुरुवातीला सा, रे, ग एवढेच वाजतात. बाकीचे प्रवासात उमलत जातात. उघडण्याचा मंत्र आहे ग, सा, ग, रे. वस्तूवर माउस टिपायचा, मग काठीवर हे चार स्वर टिपायचे, की बंद शिंपला उघडतो. मिटवायचे असेल तर तेच उलट्या क्रमाने : रे, ग, सा, ग. याला अवरोह म्हणता येणार नाही. अवरोहात स्वर उतरतात, इथे ओळ मागून पुढे वाजते. त्याचा सख्खा भाऊ शोधायचा तर काव्यात शोधावा लागेल. सोळाव्या शतकातल्या, गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या दैवज्ञ सूर्यपंडिताने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. सरळ वाचले तर रामकथा, उलटे वाचले तर कृष्णकथा. मोरियार्टीला ते ठाऊक असण्याचे कारण नाही, पण उलटे वाचण्यातला आनंद जातीचा तोच आहे.

बहुतेक मंत्र प्रत्येक डावात बदलतात. म्हणून ‘बुक ऑफ पॅटर्न्स’मध्ये मंत्रांचे वर्णन आहे आणि स्वर लिहायला मोकळी जागा, पेन्सिल खेळणाऱ्याची. सर्वांत कठीण पातळीवर तर पडद्यावर स्वरांची खूणही दिसत नाही, कानाने ओळखायचे. संगीत त्चायकोव्हस्कीच्या १८७७च्या ‘स्वान लेक’ या बॅलेमधले, आणि कथेतही विणकर हंस होऊन उडून जातात. ते उसने आणलेले वाटत नाही.

या खेळात मरण नाही. त्या काळी चुकीच्या दारातून गेलात तर मेलात, हा साहसखेळांचा सर्वसाधारण रिवाज होता. मोरियार्टीने पुस्तिकेतच सांगून टाकले की इथे चुकल्याबद्दल शिक्षा होणार नाही, गोष्ट शेवटपर्यंत पाहता यावी असाच हा खेळ आहे. टीका झाली ती यावरूनच : सोपा आहे, फार लवकर संपतो. आक्षेपात तथ्य आहे. दोन संध्याकाळींत तो संपू शकतो. पण कादंबरी वाचता वाचता मध्येच वाचकाला कोंडून ठेवावे, ही अपेक्षा आपण दुसऱ्या कोणत्या कथाप्रकाराकडून करतो?

आता पाठांकडे. पहिला पाठ १९९०चा, फ्लॉपीवरचा, सोळा रंगांचा. चित्रकार मार्क फेरारीने दोन रंगांचे ठिपके शेजारीशेजारी विणून डोळ्याला तिसरा रंग भासवला. दुसरा पाठ १९९१चा, जपानी ‘एफएम टाउन्स’ संगणकासाठी : २५६ रंग, संवाद मात्र जवळजवळ मूळचे. तिसरा १९९२चा, सीडीवरचा. यात पात्रे खरोखर बोलतात, आणि इथेच कात्री चालली. आवाज सीडीवर गाण्यासारखा ध्वनिमुद्रित होता, आणि सीडीवर जागा सव्वा तासाच्या आसपास. मग बोलणे आखडते घ्यावे लागले. नव्या संवादांना ऑर्सन स्कॉट कार्ड या विज्ञानकथाकाराने हात लावला. बोलताना जवळून दिसणारे पात्रांचे चेहरे गेले.

तिन्ही पाठ मी शेजारीशेजारी ठेवून खेळलो. सीडीच्या पाठात नट चांगले आहेत, पण वाक्ये घाईत आहेत. जिथे एखादे पात्र विनोद करून थांबत असे, तिथे आता फक्त माहिती उरली आहे. रंग वाढले आणि रात्र उणावली. सोळा रंगांतली ती ठिपक्यांची निळी रात्र, मर्यादेतूनच निघालेली, २५६ रंगांत नुसतीच निळी होते. आणि २००९पासून इंटरनेटवर अधिकृतपणे विकला जातो तो हाच तिसरा पाठ. जो नव्याने ‘लूम’ खेळतो त्याला हाच मूळ वाटणार.

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेच्या पंडितांनी प्रतींमागून प्रती पडताळल्या, कारण प्रती उरल्या होत्या. इथे अडचण निराळी आहे : फ्लॉपीवरचे चुंबकीय लेखन आपोआप विरते आणि ती वाचणारी यंत्रे भंगारात गेली. जे वाचले ते बरेचसे हौशी लोकांच्या कष्टाने. २००१मध्ये काही प्रोग्रामरांनी ‘स्कमव्हीएम’ हा मुक्त कार्यक्रम सुरू केला. त्यावर जुन्या फ्लॉपीतला मजकूर आजच्या संगणकावर चालतो. मलाही तिन्ही पाठ पाहता आले ते त्यामुळेच.

ध्वनिफितीची गोष्ट आणखी वेगळी. सुमारे अर्ध्या तासाच्या त्या श्राव्य नाटकात बॉबिनच्या जन्माची आणि त्याच्या आईला झालेल्या शिक्षेची कथा आहे. खेळ सुरू होतो तो त्यानंतर सतरा वर्षांनी, आणि फीत न ऐकता खेळणाऱ्याला त्या पोरावर ज्येष्ठांचा एवढा राग का, हे अर्धेच कळते. ‘फोर्ज’ आणि ‘द फोल्ड’ हे पुढचे दोन भाग योजले होते. ते झाले नाहीत. म्हणजे पुढची कथा लिहिलीच गेली नाही, आणि मागची आहे ती खोक्यातल्या फितीवर.