नित्याच्या रस्त्यावरील रथ

पैठणी पेटींत ठेवली म्हणजे तिचा जर टिकतो. परंतु ती नेसण्याचें वस्त्र आहे, हें मात्र हळूहळू विसरलें जातें. वेगासाठीं बांधलेल्या मोटारीचेंही असेंच आहे. युरोपांतील थंड देशांत अशी मोटार बाळगणारे पुष्कळ गृहस्थ ती वसंत ऋतूंत बाहेर काढतात आणि पहिलें बर्फ पडण्यापूर्वीं तिजवर आच्छादन घालून तिला पुन्हां कोंडून ठेवतात. कामावर जाण्यासाठीं घरांत दुसरी एखादी साधी गाडी असते. ही रीति केवळ हौशी माणसांच्या भित्रेपणाची नव्हे. जिची शक्ति मागल्या चाकांना मिळते अशी मोटार बर्फावर घसरते, ही समजूत साधार आहे. तरी पण याच जातीची एक मोटार साठांहून अधिक वर्षें उन्हांत, पावसांत आणि बर्फांत वापरली जात आली आहे. ती म्हणजे जर्मनींतील पोर्शे कारखान्याची ९११. तिचा इतिहास पाहिला म्हणजे असें वाटूं लागतें कीं, तिला जें दीर्घायुष्य लाभलें त्याचें श्रेय शर्यतीच्या मैदानाइतकेंच या रोजच्या वापरालाही आहे.

प्रथम मागल्या चाकांची गोष्ट समजून घेतली पाहिजे. इंजिन पुढें आणि शक्ति मागल्या चाकांना, ही मांडणी फ्रान्समध्यें पानार व लव्हासोर यांनीं १८९१ च्या सुमारास रूढ केली आणि पुढें पाऊणशें वर्षें बहुतेक मोटारी तिलाच धरून होत्या. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली आणि काळीपिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत मुंबईंत धांवलेली प्रीमियर पद्मिनी याच घराण्यांतली; १९८३ सालीं आलेली मारुति ८०० मात्र पुढल्या चाकांनीं चालणारी. पद्मिनीला मागची चाकें ढकलीत, मारुतीला पुढचीं ओढीत, एवढाच काय तो भेद. परंतु रस्त्यावर त्याचे परिणाम फार निराळे होतात.

टायरची पकड ही मध्यमवर्गीयाच्या ठरलेल्या वेतनासारखी असते. तें गाडी पुढें रेटण्यांत खर्च केलें तर वळण घेण्यास कमी उरतें, आणि वळणांत खर्च केलें तर रेटण्यास उरत नाहीं. पुढल्या चाकांच्या गाडींत एकाच जोडीला दोन्ही खर्च भागवावे लागतात. मागल्या चाकांच्या गाडींत श्रमविभाग असतो: पुढच्या जोडीनें वळावें, मागचीनें ढकलावें. शिवाय गाडीनें वेग घेतला कीं तिचा भार मागें सरकतो व ढकलणारीं चाकें रस्त्याला अधिक घट्ट धरतात. वेगाच्या भोक्त्यांना ही मांडणी प्रिय आहे ती यामुळें. बर्फावर मात्र वेतनच दशांश होतें, असें समजा. इंजिन पुढें असल्यानें मागचा भाग हलका. थोडी अधिक शक्ति दिली कीं मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात आणि वळणावर गाडीचें शेपूट पुढें येऊं पाहतें. १९५९ सालीं आलेली इंग्लंडची मिनी आणि १९७४ सालची जर्मन गोल्फ यांच्यामागून सामान्य कुटुंबांच्या गाड्या जर झपाट्यानें पुढल्या चाकांकडे वळल्या, तर त्यांत नवल नाहीं.

पोर्शेनें वेगळी वाट धरली, आणि ती धरण्यामागें घरगुती कारण होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर हा कारखाना ऑस्ट्रियांतील ग्म्युंड या लहान गांवीं, लांकूड कापण्याच्या एका जुन्या गिरणींत चालला होता. तेथें फेरी पोर्शे यांच्या देखरेखीखालीं ३५६ या क्रमांकाची पहिली मोटार तयार झाली आणि ८ जून १९४८ रोजीं तिला रस्त्यावर चालविण्याचा परवाना मिळाला. इंजिन फोक्सवागेनचें, शक्ति अवघी ३५ अश्वशक्तीची. या पहिल्या गाडींत इंजिन मागल्या आंसाच्या पुढें, म्हणजे गाडीच्या मध्याजवळ होतें. तोल संभाळण्यास ही जागा उत्तम. परंतु विक्रीसाठीं जी मोटार निघाली तिच्यांत इंजिन आंसाच्या मागें नेण्यांत आलें, आणि त्यामुळें पुढील आसनांच्या पाठीमागें सामानाला व लहान मुलांना जागा झाली. या घराण्याचें भवितव्य येथेंच ठरलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तोलाचा थोडा त्याग करून संसाराची सोय पाहिली गेली. १९५० पासून ही गाडी स्टुटगार्ट येथें बनूं लागली आणि १९६५ पर्यंत तिच्या सुमारें ७६ हजार प्रती निघाल्या.

सप्टेंबर १९६३ मध्यें फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत तिची वारस जगापुढें आली. नांव होतें ९०१. परंतु मध्यें शून्य असलेल्या तीन अंकी नांवांवर प्यूजो या फ्रेंच कारखान्यानें हक्क सांगितला, म्हणून १९६४ सालीं शून्याच्या जागीं एकाचा आंकडा आला. सहा सिलिंडरांचें, दोन लिटरचें, १३० अश्वशक्तीचें इंजिन. तें वाऱ्यानें थंड होणारें असल्यामुळें थंडींत गोठावयास पाणीच नव्हतें. आकृति फेरींचे पुत्र फर्डिनांड अलेक्झांडर यांनीं रेखाटली. मागें दोन लहान आसनें होतींच. गाडीचा बराचसा भार ढकलणाऱ्या चाकांवर असल्यानें बर्फांत निघतांना तीं सहसा जागीं फिरत नसत. पुढें इंजिन असलेली मागल्या चाकांची गाडी जेथें अडे, तेथें ही चढ चढून जाई.

परंतु जो भार चढावर तारी, तोच वळणावर मारी. वेगानें वळण घेत असतां चालक घाबरला कीं त्याचा पाय सहजच उचलला जातो. पाय उचलतांच भार पुढें सरकतो, मागल्या चाकांची पकड सैल होते, आणि आंसामागें लोंबणारें इंजिन लंबकाप्रमाणें बाहेर झेपावतें. इतर गाडींत जी सावधगिरी, तीच येथें घातक. ओल्या रस्त्यावर हा धडा पुष्कळांना फार महाग पडला. पुढें १९७४ सालीं आलेल्या २६० अश्वशक्तीच्या टर्बो गाडीला तर ‘विधवा करणारी’ हें भयंकर टोपणनांव मिळालें. शर्यतीचा कसलेला चालक हा दोष पोटांत घालूं शकतो, नव्हे त्याचा उपयोगही करूं शकतो. व्हिक एल्फर्ड यांनीं १९६८ सालीं, आणि ब्योर्न वाल्डेगार्ड यांनीं १९६९ व १९७० सालीं, आल्प्सच्या हिमाच्छादित घाटांतून जाणारी माँटे कार्लोची शर्यत याच गाडींतून जिंकली. परंतु सकाळीं दवाखान्यांत जाणारा डॉक्टर म्हणजे वाल्डेगार्ड नव्हे. गाडी त्यालाही विकावयाची होती. म्हणून ती सुधारणें भागच होतें.

प्रारंभींचे उपाय ओबडधोबड होते. कांहीं गाड्यांच्या पुढील बंपराच्या टोकांत ओतीव लोखंडाचे जड तुकडे दडविण्यांत आले, कीं नाक जमिनीला धरून राहावें. हलकेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या गाडीला मुद्दाम ओझें घालावें लागलें, यांतच अडचण किती मोठी होती तें दिसतें. १९६९ च्या मॉडेलांत मागचीं चाकें ५७ मिलिमीटर मागें नेलीं, आणि एका बॅटरीऐवजीं दोन घेऊन त्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसविल्या. दोन बोटें अंतर, दोन पेट्या. पण तोल स्पष्ट सुधारला.

दुसरा शत्रु मूक होता. बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तें मीठ लोखंड खातें. कोंकणांतील खाऱ्या हवेंत खिडकीचे गज काय दशेस जातात हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला हें विस्तारानें सांगावयास नको. उन्हाळ्यांतच फिरणाऱ्या गाडीला या शत्रूची ओळखही होत नाहीं. बारमाही गाडीचा मात्र तळ कांहीं हिवाळ्यांत चाळण होई. १९७६ च्या मॉडेलापासून ९११ चा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा झाला आणि गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी मिळूं लागली. शर्यतीच्या गाडीला असल्या मुलाम्याचें प्रयोजन नाहीं. तिचें आयुष्य मुळीं एकदोन हंगामांचें. ही देणगी केवळ रोजच्या रस्त्याची.

तिसरी गोष्ट टायरची, आणि सामान्य चालकास हीच सर्वांत मोलाची. फिनलंडमध्यें १९३४ सालीं ट्रकांसाठीं व १९३६ सालीं मोटारींसाठीं खास हिवाळी टायर निघाले. आजच्या हिवाळी टायरचें रबर थंडींतही मऊ राहतें आणि त्यावरील बारीक चिरा बर्फाला धरतात. उन्हाळी रबर सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं कडक होऊं लागतें. म्हणजे बर्फ नसलेल्या थंड, ओल्या रस्त्यावरही तें दगा देतें. जर्मनींत २०१० सालीं बर्फाळ रस्त्यावर योग्य टायर असणें कायद्यानें सक्तीचें झालें. योग्य टायरांची मागल्या चाकांची गाडी अयोग्य टायरांच्या चार चाकी शक्तीच्या गाडीपेक्षां बर्फांत लवकर थांबते. कारण शक्ति किती चाकांना मिळते यावर थांबणें अवलंबून नसतें.

१९७७ सालीं कारखान्यानें पुढें इंजिन असलेली, पाण्यानें थंड होणारी ९२८ बाजारांत आणली, तेव्हां ९११ चे दिवस भरले असें चालकमंडळानेंच ठरविल्यासारखें होतें. १९८१ मध्यें पीटर शुट्झ हे प्रमुख झाले. अभियंता हेल्मुट बॉट यांच्या खोलींतील नकाशावर ९११ ची रेघ लवकरच थांबत होती. शुट्झ यांनीं ती लेखणीनें पुढें, थेट भिंतीवरून ओढीत नेली, अशी कथा सांगतात. ९२८ चें उत्पादन १९९५ मध्यें थांबलें. ९११ ची दशलक्षावी प्रत २०१७ च्या मे महिन्यांत बाहेर पडली.

मध्यंतरीं यंत्रांनीं चालकाचे कान, डोळे व पाय यांचें काम आपल्याकडे घेतलें. चाकें घट्ट न अडूं देणारा ब्रेक १९७८ सालीं बॉशनें मर्सिडीझसाठीं पुरविला. गाडी घसरूं लागतांच एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सरळ करणारी व्यवस्था १९९५ सालीं आली. ९११ ला चारही चाकांना शक्ति देणारा प्रकार १९८८ मध्यें मिळाला, १९९७ मध्यें तिचें इंजिन पाण्यानें थंड होऊं लागलें, आणि २०१८ मध्यें आलेल्या पिढींत तर चाकांनीं उडविलेल्या पाण्याचा आवाज ऐकून ‘रस्ता ओला आहे’ असें चालकास सांगणारी योजना आहे. हें सर्व असूनही मागल्याच चाकांची ९११ आजही मिळते.

यावर दोन प्रकारचे लोक हळहळतात. एक म्हणतात, यंत्रानें कौशल्य गिळलें. नलराजा बाहुकाच्या वेषांत रथ हांकीत होता, तो अश्वहृदय जाणून. आतां अश्वच सारथ्याचें हृदय जाणतो! या हळहळींत तथ्य आहे, परंतु ती पुरी मान्य करणें कठीण आहे. कौशल्याची किंमत इतरांच्या प्राणांनीं द्यावी लागत असेल, तर तें कौशल्य शर्यतीच्या मैदानापुरतेंच राहावें हें बरें. आणि पाय अलगद उचलावा, ब्रेक वळणाआधीं संपवावा, रस्त्याचा रंग वाचावा, हें शहाणपण यंत्र असतांही शिकावेंच लागतें. निसर्गाचे नियम यंत्र फक्त थोडे क्षमाशील करतें, रद्द करीत नाहीं.

दुसऱ्यांची हळहळ उलट आहे. जुन्या, वाऱ्यानें थंड होणाऱ्या ९११ च्या किंमती अलीकडे इतक्या चढल्या आहेत कीं, मिठाच्या रस्त्यावर ती काढणें म्हणजे धनाचा नाश, असें त्यांना वाटतें. अर्थशास्त्र त्यांच्या बाजूस असेल, इतिहास नाहीं. मागचीं आसनें, जस्ताचा मुलामा, पुढें सरकवलेल्या बॅटऱ्या, पाणी ऐकणारे कान: या गाडीचे जे गुण आज वाखाणले जातात, त्यांतील पुष्कळसे तिला कोणीतरी हिवाळ्यांत कामावर नेलें म्हणून आले आहेत. पेटींत ठेवलेली गाडी सुंदर राहील यांत शंका नाहीं, परंतु सारीं पेटींतच राहिलीं असतीं तर १९६५ सालचा दोष आजही तिच्यांत तसाच असता.