स्टॅनले मिलग्रॅम : आज्ञापालन मोजणारा मानसशास्त्रज्ञ

स्टॅनले मिलग्रॅम (१५ ऑगस्ट १९३३ – २० डिसेंबर १९८४) हे अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ. 'वरून आदेश आहे' म्हटल्यावर साधा माणूस दुसऱ्याला किती त्रास देऊ शकतो, हे त्यांनी प्रयोगातून मोजले.

पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९६० मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवून ते येल विद्यापीठात शिकवू लागले. पुढच्याच वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनवर खटला चालला. आपण फक्त हुकूम पाळले, असा त्याचा बचाव होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिलग्रॅम यांचे प्रयोग सुरू झाले.

स्मरणशक्तीचा अभ्यास आहे असे सांगून साडेचार डॉलर मोबदल्यावर माणसे बोलावली गेली. पलीकडच्या खोलीतला 'विद्यार्थी' चुकला की विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्ट वाढवत ४५० पर्यंत. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. तो थांबू लागला की राखाडी कोटातला माणूस शांतपणे म्हणे, पुढे चालू ठेवा. हजारात एखादाच शेवटपर्यंत जाईल, असा मानसोपचारतज्ज्ञांचा अंदाज होता. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण गेले. ही माणसे क्रूर नव्हती. घामाघूम होत, थरथरत त्यांनी बटणे दाबली.

खरे महत्त्वाचे आहेत ते याच प्रयोगाचे बदललेले प्रकार, ज्यांची चर्चा कमी होते. दोन साथीदारांनी आधी नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. आदेश फोनवरून आला तेव्हा प्रमाण वीस टक्क्यांवर घसरले. काहींनी तर फोनवर 'हो' म्हणून गुपचूप कमी झटके दिले. आजच्या 'डिजिटल अरेस्ट'मधले ठग साध्या कॉलवर न थांबता गणवेशात व्हिडिओवर का येतात आणि घरच्यांना काही सांगू नका असे का बजावतात, याचा अंदाज यावरून येतो. (असा कॉल आला तर सायबर हेल्पलाइन १९३०.)

प्रयोगावर टीकाही झाली. सहभागींना फसवून मानसिक ताण दिला, हा आक्षेप डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्येच घेतला. झटके खरे असल्याचा सर्वांचा विश्वास नव्हता, हे पुढे जुन्या नोंदी तपासणाऱ्या लेखिका जिना पेरी यांनी दाखवले. आज हा प्रयोग मूळ स्वरूपात करायला परवानगी मिळणार नाही.

हार्वर्डने मिलग्रॅम यांना कायम केले नाही. १९६७ पासून ते न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठात होते. अनोळखी माणसापर्यंत ओळखीच्या साखळीने पत्र पोहोचते का, हा त्यांचा हार्वर्डमधल्या काळातला दुसरा गाजलेला प्रयोग. वयाच्या ५१व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.