कप बंद पडला, शेतातला फुटबॉल चालूच राहिला

गेल्या रविवारी आमच्याकडे एका गावात फुटबॉलची फायनल कव्हर करायला गेलो होतो. कव्हर म्हणजे काय, दोन फोटो आणि दहा ओळी. मैदान म्हणजे भाताचं शेत. कापणी झाल्यावर पोरांनी धसकटं काढली, मधला बांध फोडून सपाट केला आणि चुन्याच्या रेघा मारल्या. शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "आमच्या वेळेला चर्चच्या आवारात खेळायचो. फादर स्वतः शिट्टी वाजवायचे." तिथून डोक्यात चक्र सुरू झालं ते गोव्यात जाऊन थांबलं.

1883 साल. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे आयरिश फादर उडुपीला आजारी पडले आणि हवापालटासाठी बार्देशातल्या शिवोलीत आले. गोव्यात फुटबॉल आणला तो त्यांनी. पुढे हडफड्याला (नकाशावर अर्पोरा) त्यांनी सेंट जोसेफ शाळा काढली आणि तिथे खेळ हा शिक्षणाचाच भाग धरला. वाचन, गणित, प्रार्थना, तसा फुटबॉल. गोव्यातल्या फुटबॉलचं मूळ शोधायला गेलात की या छोट्या शाळेच्या दारात यावंच लागतं.

आता गंमत बघा. राज्य पोर्तुगीजांचं, पण खेळ आला इंग्रजी शिकवणाऱ्या पाद्र्याकडून. खुद्द पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर, लिस्बनजवळच्या कश्काइशला, पहिला गाजलेला सामना झाला 1888 मध्ये. म्हणजे शिवोली पाच वर्षं पुढे! (मदेइरा बेटावर 1875 मध्ये खेळल्याचं सांगतात, पण ते बेट.) आपल्याकडे "पोर्तुगीजांनी फुटबॉल दिला" असं सर्रास बोललं जातं, वसईतही. ते तसं नाही. वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून 1739 ला गेला, तेव्हा फुटबॉलचे नियम लिहिले जायला अजून सव्वाशे वर्षं होती.

हडफड्यासारख्या खेड्यात इंग्रजी शाळा हवी कोणाला होती? पोटाला. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचा ताबा आला, मिठागरांवर जगणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. पोरं मुंबई, पुणे, कराची, आफ्रिका अशी बाहेर पडायला लागली. तिथे नोकरीला पोर्तुगीज भाषा काय कामाची? इंग्रजी पाहिजे. म्हणून अशा शाळा भरल्या. मुलगा नोकरीसाठी इंग्रजी शिकायला आला आणि जाताना फुटबॉलही घेऊन गेला. धोबीतलावच्या गावोगावच्या कुडींत राहणारा गोवेकर हा खेळ मुंबईत खेळत राहिला. दुसरीकडे, रायतूरच्या सेमिनरीत शिकून बाहेर पडलेले पाद्री गावोगावच्या चर्चमध्ये गेले आणि तिथल्या पोरांना त्यांनी खेळाला लावलं. आजोबांच्या शिट्टीवाल्या फादरांची जातकुळी तीच.

तेव्हाचा खेळ आजच्यासारखा नव्हता, हेही ध्यानात घ्या. 1883 मध्ये इंग्लंडात पेनल्टी किक नव्हती, गोलला जाळी नव्हती; दोन्ही 1891 ला आल्या. वरचा आडवा दांडा नुकताच सक्तीचा झाला होता. दोन्ही बाजूंचा एकेक अंपायर मैदानात असायचा आणि त्यांचं जमलं नाही तर बाहेर उभ्या रेफरीला विचारायचं. गोलकीपरने आपल्या चौकोनातच हात लावायचा, हे बंधन तर 1912 चं. आणि त्याच 1883 च्या मार्चमध्ये लंडनला एफए कपच्या फायनलमध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने ओल्ड इटोनियन्सला 2-1 ने हरवलं. एका बाजूला सरदार-जमीनदारांच्या शाळेची माजी मुलं, दुसऱ्या बाजूला विणकर, सूतगिरणीतले कामगार, प्लंबर. साहेबांचा खेळ त्या दिवशी कामगारांचा झाला, आणि त्याच वर्षी एक आजारी पाद्री शिवोलीत पोहोचला.

मुंबईत काय चाललं होतं? 1891 ला रोव्हर्स कप सुरू झाला. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं गोऱ्या पलटणींचंच राज्य. हिंदी संघाच्या हाती तो लागला 1937 मध्ये, बंगलोर मुस्लिम्सच्या. तोवर 46 वर्षं गेली. मोठं शहर, चांदीचा कप, प्रेक्षक, पेपरात बातम्या, सगळं होतं. 2000-01 नंतर हा कप बंद पडला. कूपरेजला त्याचे सामने बघितलेले लोक आजही हळहळतात, मीही त्यातलाच.

हडफड्याच्या शाळेकडे यातलं काहीच नव्हतं. एक मास्तर, एक चेंडू, शाळा सुटल्यावरची वेळ आणि आजूबाजूला पीक निघालेली शेतं. गोव्यात कापणीनंतर शेतातच फुटबॉल रंगतो. 1983-84 ला, लायन्स शिवोलीत आले त्याला शंभर वर्षं होत असताना, गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली. गोलमध्ये ब्रह्मानंद संखवाळकर. ते यश काही एका शाळेचं नाही, मान्य. पण गावोगावी शेतात खेळणारी पोरं नसती तर निवडायचं कोणातून?

म्हणून वसई-विरारबद्दल बोलावंसं वाटतं. 2009 ला महापालिका झाली. लोकसंख्या वाढली, इमारती वाढल्या. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण असतं, प्रत्यक्षात जाऊन बघा: कुठे चाळ, कुठे गोडाऊन, कुठे गाड्यांची पार्किंग. पोरं आता जाळी लावलेल्या टर्फवर तासाचे पैसे भरून खेळतात. ज्याच्या बापाला परवडतं तो खेळतो. अनेक शाळांचा पीटीचा तास तर गणिताने कधीच खाल्ला. माझ्या स्वतःच्या शाळेचं मैदान आम्ही दहावीला असताना अर्धं झालं. नवी इमारत आली, तिचं उद्घाटन झालं, पेढे आम्हीही खाल्ले. कोणी विचारलं नाही, खेळायचं कुठे. मीही नाही.

फायनल त्या दिवशी टायब्रेकरवर गेली. अंधार पडत आला होता, दोन मोटरसायकलींचे हेडलाइट गोलकडे लावले. सामना संपल्यावर शेतमालकाला विचारलं, पुढच्या वर्षी इथेच ना? ते म्हणाले, "यंदा भात लावलं म्हणून शेत आहे. पोरगा म्हणतो, विकून टाकू. बिल्डरची माणसं दोनदा येऊन गेली." मग त्यांनी पोरांना हाक मारली, बांबूचे गोलपोस्ट नीट काढून गोठ्यावर ठेवा म्हणून सांगितलं.