जॅझ ध्वनिमुद्रणे, भारतीय

भारतात झालेली, तसेच भारतीय वादकांनी परदेशात केलेली जॅझ संगीताची ध्वनिमुद्रणे. यांत हॉटेलांतील वाद्यवृंदांच्या लाखेच्या तबकड्या, चित्रपटगीतांतील जॅझ वादन, राग व जॅझ यांच्या संयोगातून सिद्ध झालेल्या दीर्घ ध्वनिमुद्रिका आणि जुन्या रचनांचे नवे आविष्कार यांचा समावेश होतो. मुंबई हे या परंपरेचे प्रमुख केंद्र असून तिचे बहुसंख्य वादक गोव्याचे होते.

जॅझमध्ये ध्वनिमुद्रणाला असलेले महत्त्व अन्य संगीतप्रकारांहून वेगळे आहे. या संगीताचा गाभा उत्स्फूर्त वादनात असतो. स्वरलेखनात धून आणि तिचे स्वरसंवाद उतरतात. पण एखाद्या रात्री वादकाने त्या धुनेचा केलेला विस्तार कागदावर राहत नाही. हिंदुस्थानी संगीतात घराणे आणि गुरुमुखातून मिळणारी विद्या हा विस्तार पुढच्या पिढीकडे पोहोचवते. जॅझला असा आधार फारसा नसल्याने तबकडी हीच त्याची पोथी ठरली. ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडने २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे केलेले मुद्रण ही जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका मानली जाते. त्यापूर्वी न्यू ऑर्लीन्समध्ये दीर्घकाळ घडत असलेले संगीत ऐकण्याचे कोणतेही साधन आज नाही. १९४२–४४ या काळात अमेरिकेतील वादक-संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, त्यामुळे ‘बीबॉप’ या शैलीची जडणघडण जवळजवळ अनमुद्रितच राहिली. याउलट, थेलोनियस मंक व जॉन कोल्ट्रेन यांच्या २९ नोव्हेंबर १९५७ च्या कार्नेगी हॉलमधील मैफलीच्या फिती २००५ मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये सापडल्या आणि या दोघांच्या सहवादनाच्या इतिहासातील मोठी उणीव भरून निघाली. भारतात ही उणीव कितीतरी अधिक आहे.

प्रारंभीचा काळ : व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी तेथे ‘सिम्फोनियन्स’ हा वृंद चालविला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड (१९०३–४५) हेही त्या वर्तुळातील होते. पुढे कलकत्त्यात त्यांनी ध्वनिमुद्रणे केली आणि तेथेच त्यांचे निधन झाले. स्मिथ यांच्या वृंदाने १९३६ मध्ये ‘रेक्स’ या मुद्रेखाली काही तबकड्या काढल्या. त्यांपैकी मेना सायलस यांनी रचलेली ‘ताजमहाल’ ही फॉक्सट्रॉट धून मुंबईतील जॅझच्या प्रारंभीची महत्त्वाची खूण होय. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. रात्रभर चालणाऱ्या वादनाचा फार थोडा अंश त्यामुळे मुद्रित होई, आणि तोही नृत्याला सोयीच्या बेताने.

गोमंतकीय वादक व चित्रपटसंगीत : पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी संलग्न संगीतशाळांत मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. ही विद्या घेऊन अनेक तरुण मुंबईस येत आणि हॉटेलांच्या वाद्यवृंदांत काम करीत. कृष्णवर्णीय वादकांच्या सहवासात त्यांनी जॅझ आत्मसात केले. हळदोणे येथील आंतोनियो शावियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–६७) यांना त्यांच्या ट्रंपेटवादनामुळे ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले जाई. स्वातंत्र्यानंतर युरोपीय ग्राहक घटले आणि मुंबई इलाख्यात दारूबंदी आली. त्यामुळे हॉटेलांतील काम रोडावले व हे वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–८२) यांनी त्यांच्या कौशल्याचा कल्पकतेने उपयोग केला. शहनाई (१९४७), अलबेला (१९५१) व आशा (१९५७) या चित्रपटांतील त्यांची काही गीते स्विंग व तत्सम लयींवर उभी आहेत. अलबेलात चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो.

या गीतांच्या तबकड्या लाखो घरांत वाजल्या, तथापि त्यांच्या चकतीवर संगीतकार व गायक यांचीच नावे छापली जात. ज्याच्या ट्रंपेटने वा सॅक्सोफोनने गीताला ओळख मिळाली तो वादक श्रोत्यांना अनामिक राहिला. संगीत उपलब्ध असूनही त्याचा कर्ता हरवलेला असणे, ही भारतीय जॅझच्या इतिहासातील मूळ अडचण होय. वयोवृद्ध वादकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या ग्रेगरी बूथ यांच्या बिहाइंड द कर्टन (२००८) या ग्रंथाने ती काही अंशी दूर केली.

राग आणि जॅझ : दीर्घ ध्वनिमुद्रिकेमुळे विस्ताराला अवकाश मिळाला. शंकर-जयकिशन यांची रागा जॅझ स्टाइल (१९६८) ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने उल्लेखनीय आहे. तोडी, भैरव, मालकंस, कलावती इ. अकरा रागांवरील तिच्या रचनांत रईस खाँ (सतार), मनोहारी सिंग (सॅक्सोफोन), जॉन परेरा (ट्रंपेट), आनिबाल कॅस्ट्रो व दिलीप नाईक (गिटार), लेस्ली गुदिन्हो (ड्रम) प्रभृतींचा सहभाग होता. चित्रपटगीतांमागे राहणारे वादक येथे स्वतंत्रपणे ऐकू येतात.

याच सुमारास लंडनमध्येही असे प्रयोग होत होते. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर व जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या इंडो-जॅझ स्वीट (१९६६) या ध्वनिमुद्रिकेत मुंबईचे केशव साठे (१९२८–२०१२) यांनी तबला व चंद्रहास पैंगणकर यांनी तंबोरा वाजविला. साठे यांचा तबला जॅझ मीट्स इंडिया (१९६७) या जर्मनीत मुद्रित झालेल्या ध्वनिमुद्रिकेतही आहे. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा (१९३६–९६) हे १९६७ मध्ये इंग्लंडला गेले. इंटिग्रेशन (१९६९) आणि जो हॅरियट यांच्यासमवेतची हम दोनो (१९६९) या त्यांच्या ध्वनिमुद्रिका दीर्घकाळ दुर्मिळ होत्या. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी मुद्रित केलेली कोंकण डान्स ही ध्वनिमुद्रिका तर त्यांच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही. ती २००६ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी श्रोत्यांपर्यंत पोहोचली. कोकणच्या नावाने रचलेले हे संगीत कोकणात ऐकले जाण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

शोध व पुनःप्रसिद्धी : जुन्या ध्वनिमुद्रणांचा शोध मुख्यतः खाजगी संग्रह, जुन्या बाजारातील तबकड्या, कंपन्यांची दप्तरे व वादकांच्या घरी राहिलेल्या फिती यांतून लागतो. तबकडीच्या मध्यभागी, चकतीजवळ कोरलेल्या साचाक्रमांकावरून मुद्रणाचा क्रम व काळ ठरविता येतो, आणि एकाच धुनेची दोन वेगळी वादने ओळखता येतात. मूळ तबकडी स्वच्छ करून, खाचेच्या रुंदीस जुळणारी सुई व अचूक गती वापरून तिचे अंकीय रूपांतर केले जाते. खरखर काढून टाकताना अतिरेक झाल्यास झांजांचा व ट्रंपेटचा तार आवाजही त्याबरोबर नाहीसा होतो. म्हणून चांगल्या पुनर्मुद्रणात थोडी खरखर मुद्दाम राहू दिली जाते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणून जुन्या तबकड्यांविषयी जाण वाढविली. नरेश फर्नांडिस यांच्या ताजमहाल फॉक्सट्रॉट (२०१२) या ग्रंथासोबत जुन्या मुद्रणांची तबकडी देण्यात आली. त्यामुळे ज्यांच्याविषयी केवळ वाचावयास मिळत होते, त्यांचे वादन प्रत्यक्ष ऐकता येऊ लागले.

नवे आविष्कार : जुन्या रचनांचे पुनर्वादन ही जॅझची मूळ रीतच आहे. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र त्याला दोन वेगळी रूपे आली आहेत. पहिल्यात मूळ मुद्रणच वेगळ्या रूपात सादर होते. उदा., ॲलिस कोल्ट्रेन यांची तुरिया सिंग्ज ही भजनांची ध्वनिफीत १९८२ मध्ये निघाली होती. २०२१ मध्ये तिच्यातील नंतर चढविलेले वाद्यमेळाचे थर वगळून केवळ कंठस्वर व ऑर्गन यांचे मुद्रण प्रसिद्ध झाले. दुसऱ्या रूपात जुन्या रचना नव्या वादकांकडून पुन्हा मुद्रित केल्या जातात. मडगावचे ट्रंपेटवादक ख्रिस पेरी (१९२८–२००२) यांनी लोर्ना कोर्देरो यांच्या आवाजात केलेली कोकणी गीते हे जॅझ व गोमंतकीय गीतपरंपरा यांच्या मिलाफाचे उत्तम उदाहरण होय. दीर्घ मौनानंतर लोर्ना १९९५ मध्ये पुन्हा रंगमंचावर आल्या. बारद्रॉय बार्रेटो दिग्दर्शित नाचोंया कुंपासार या चित्रपटात १९६०–८० या काळातील सु. वीस गीते नव्याने मुद्रित करण्यात आली. २०१४ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला. मुंबईच्या हॉटेलांत व ध्वनिमुद्रणगृहांत आयुष्य वेचणाऱ्या गोमंतकीय वादकांची आठवण त्याने नव्या पिढीत जागविली.

मूल्यमापन : पुनःप्रसिद्धीला मर्यादा आहेत. जे मुद्रित झाले नाही ते कोणत्याही तंत्राने परत मिळत नाही. जे मुद्रित झाले, तेही व्यवसायाच्या गरजेनुसार निवडलेले होते. त्यामुळे उपलब्ध तबकड्यांवरून त्या काळातील सर्व वादनाची कल्पना करणे धोक्याचे ठरते. नव्या मुद्रणात जुन्याची उणीव झाकली जाते, आणि कधीकधी मूळ वादकाचे नाव पुन्हा एकदा मागे पडते. यास्तव पुनर्मुद्रणासोबत वादकांची नावे, मुद्रणाची तारीख व स्थळ देणे हे ध्वनीच्या शुद्धतेइतकेच आवश्यक मानले जाते. ज्या परंपरेतील बहुतेक कलावंत आपल्या हयातीत अनामिक राहिले, तिच्या बाबतीत सापडलेल्या तबकडीवर योग्य नाव लिहिले जाणे हाच शोधाचा खरा शेवट होय.